पारी खाल्ली, सारण राहिलं

माझं आणि सारणाचं कधी जमलंच नाही. सारण म्हणजे गोड पदार्थाच्या पोटात जे जे भरतात ते सगळं आलं. पोळीतलं पुरण, करंजीतलं खोबरं, मोदकातला गूळ-नारळ, साटोरीतला खवा. बाहेरच्या आवरणाबद्दल, म्हणजे पारीबद्दल, माझी काही तक्रार नाही, उलट त्यावर माझा जीव आहे. पुरणपोळीचा काठ, जिथे पुरण पोचलेलं नसतं आणि पोळी जराशी कडक झालेली असते, तो मला द्यावा आणि उरलेली पोळी खुशाल कुणीही न्यावी. लहानपणी आमच्या घरात माझ्या ताटाशेजारी बसायला भावंडांची भांडणं व्हायची, कारण माझं पुरण आयतं त्यांच्या पानात पडायचं. थोरली बहीण, म्हणजे आक्का, चिडून म्हणायची, "ह्याला पोळी कशाला वाढता? नुसती सालपटं वाढा."

गंमत अशी की सारणात जे जे असतं ते सुटं सुटं मला चालतं. हरभऱ्याची डाळ चालते, गूळ तर मी अजूनही डब्यातून चोरून खातो. खोबऱ्याचा तुकडा आणि शेंगदाणे खिशात ठेवून मी शाळेत जायचो. पण हीच मंडळी एकत्र जमून, वाटून-घोटून, कणकेच्या आड लपून बसली की माझा त्यांच्यावरचा विश्वास उडतो. पुरण मी एक वेळ सहन करतो, गरम असेल आणि तुपाची धार सढळ असेल तर. खवा टाळूला चिकटतो आणि तासभर तिथून हलत नाही. गुळाच्या पोळीतलं सारण निदान जीभ भाजून आपण आत असल्याची वर्दी देतं, तेवढा त्याचा मान मी राखतो. ओल्या नारळाबद्दल मी बोलत नाही, कारण मागे एका कोकणस्थ स्नेह्याशी त्यावरून अबोला झाला होता. आणि बेदाणा! कोरडा बेदाणा मी मुठीने खाईन. तोच बेदाणा तुपात फुगून, खोबऱ्याच्या चुऱ्यात दडी मारून बसला आणि अवचित दाताखाली आला, की माझ्या मानेवर काटा येतो. याला काही कारण आहे का? काही नाही. लोक पालीला भितात, मी फुगलेल्या बेदाण्याला भितो.

मॅट्रिक झाल्यावर मी साताऱ्याकडून चिंचवडला आक्काकडे राहायला आलो. पिंपरीत औषधाचा कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि तिथे मला नोकरी लागली. तेव्हा पिंपरी आणि चिंचवड यांच्यामध्ये बाजरीची शेतं होती आणि मी त्यांच्या बांधावरून सायकल हाकत शिफ्टला जायचो. माझं काम असं: काचेच्या छोट्या बाटल्यांत औषधाची पूड भरून आली की एकेक बाटली दिव्यासमोर धरायची, फिरवायची, आत कण, केस, तडा काही दिसतंय का ते बघायचं, आणि शंका आली तर बाजूला काढायची. आठ तास हेच. घरी ज्या स्वभावाबद्दल मी शिव्या खायचो त्याच स्वभावाचा मला इथे पगार मिळत होता. साहेब एकदा म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे." हे मी आक्काला चार वेळा ऐकवलं. पाचव्या वेळी तिने पोळपाटावरून मान वर न करता विचारलं, "मग करंजीपण दिव्याला धरून बघत जा की."

तिला चेष्टा करायची होती, पण मला तेवढ्यात माझ्या आवडीनिवडीचं तत्त्वज्ञान सापडलं. बाटलीत काय आहे ते दिसतं, करंजीत दिसत नाही. त्यानंतर मी सारणाला नाक मुरडायचो तेही मोठ्या तोऱ्यात. चिंचवड स्टेशनाजवळ एका मुसलमान चाचांची बेकरी होती, तिथली खारी हा माझ्या लेखी जगातला सगळ्यात प्रामाणिक पदार्थ. पंधरा-वीस पापुद्रे आणि आत काहीही नाही. चाचांनी एकदा हौसेने आत गोड मावा भरलेले पॅटिस करून माझ्यासमोर ठेवले, तर मी मावा कागदावर काढून ठेवला आणि पापुद्रे खाल्ले. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "बेटा, तेरी शादी मुश्किल है."

आक्काचंही मत तेच होतं, पण तिने मुश्किलीतून वाट काढायचं ठरवलं. तिचं म्हणणं असं की माझे नखरे तिने वीस वर्षं पुरवले, आता दुसरीने पुरवावेत. तिचे यजमान, माझे दाजी, रेल्वेत होते. समोर येईल ते खाणारे, भारी शिस्तीचे आणि मुळात फार भले गृहस्थ. त्यांनी चाकणच्या बाजारातल्या एका ओळखीतून कुरुळीचं स्थळ आणलं. घर शेतकऱ्याचं, कांदा-बटाटा पिकवणारं. मुलगी सातवी पास. आई लहानपणीच गेलेली, विधवा आत्याने वाढवलेली. दिवाळी होऊन महिना झाल्यावर एका रविवारी आम्ही बघायला जायचं ठरलं. आक्काच्या धाकट्याला गोवर आला होता, म्हणून ती घरी राहिली आणि मी आणि दाजी असे दोघेच निघालो.

निघताना आक्काने मला दारात अडवलं. "गोड काहीतरी असणारच. मुलगी आवडली तर डोळे मिटून दोन घास गीळ. तेवढं कर माझ्यासाठी."

यामागे आमच्याकडची एक रीत होती. मुलगी बघायला गेलं की पोहे आणि चहा कुणीही घ्यावा, त्यात काही अर्थ नसतो. पण ताटात एका कडेला गोड ठेवलेलं असतं, ते पसंती असेल तरच खायचं. नसेल तर हात लावायचा नाही. ताट आत गेलं की बायका बघतात आणि समजतात. कुणाला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही, कुणाला ऐकावं लागत नाही. मला ही रीत मनापासून पटलेली होती. मी तसा भिडस्त माणूस, मुलीच्या बापासमोर हो किंवा नाही म्हणायची माझी छाती नव्हती. नाशिक फाट्यावर एसटीची वाट बघत असताना दाजींनी मला रीत पुन्हा एकदा समजावली, रेल्वेचे सिग्नल समजावावेत तशी. गोड खाल्लं तर हिरवा, ठेवलं तर लाल.

कुरुळीला उतरून आम्ही चालत घरी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. अंगणात बटाट्याचा ढीग आणि त्यावर गोणपाट. पडवीत घोंगडी अंथरलेली. मुलीचे वडील हात जोडून पुढे आले. बोलणं कमी, आणि सारखं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळायची सवय. मला वाटलं, मुलीचा बाप आहे, अवघडणारच. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत असं तपासलं की कामावर मी तपासतो त्या बाटल्यांना काय वाटत असेल ते मला पहिल्यांदा कळलं.

मुलगी ताटं घेऊन आली. हिरवं लुगडं, अंगाने काटक, चालणं भराभर. ताट ठेवून ती समोर बसली. दाजींनी नाव, शिक्षण वगैरे विचारून घेतलं, तिने नेमकी आणि मोठ्या आवाजात उत्तरं दिली. मग दाजींचं लक्ष ताटाच्या कडेला ठेवलेल्या दोन करंज्यांकडे गेलं. त्या भागात त्यांना कानवले म्हणतात.

"कानवले कुणी केले?"

"मीच," ती म्हणाली. "बेदाणे जरा जास्त पडल्यात. आत्या म्हनली मूठभर टाक. माझी मूठ मोठी हाय."

आणि हसली. आत्या चौकटीतून खाकरल्या, पण ती हसायची थांबली नाही. मी तिथेच गार झालो. कारखान्यात मी रोज बघत होतो, एक बाटली फुटली की चार माणसं एकमेकांकडे बोट दाखवायची. आणि ही, जिचं लग्न त्या ताटावर ठरायचं होतं, ती आपली चूक आपणहून सांगून हसत होती. मला ती आवडली. थोडीथोडकी नाही, इतकी आवडली की पोहे चावायचं मी विसरलो आणि ठसका लागला. ही मुलगी आपल्याला मिळाली नाही तर आपण काय करणार, असा प्रश्न पाच मिनिटांपूर्वी मला पडलेला नव्हता. आता दुसरं काही सुचत नव्हतं.

म्हणजे कानवला खाणं आलं.

मी तो उचलला. पारी अशी झालेली की बोट लावलं तरी कुरकुर वाजावी. मुरड बारीक आणि एकसारखी. पहिला घास कडेचा घेतला. फारच छान. दुसऱ्या घासाला आतलं खोबरं, खसखस आणि त्या मोठ्या मुठीतले तीन बेदाणे एकदम दाताखाली आले, तुपात टरारून फुगलेले. डोळे मिटून बघितलं, आक्काचा चेहरा आठवून बघितला, पाणी पिऊन बघितलं. तो घास कसाबसा खाली गेला, पण पुढचा जाईना. दाजी कोपराने ढोसत होते. तेव्हा मी जन्मभर जे करत आलो तेच हात आपणहून करू लागले. सारण ताटात पाडायचं आणि पारी खायची. दोन्ही कानवल्यांची पारी मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली, अगदी आवडीने. ताटात खोबऱ्याचा ढीग राहिला. मला वाटलं, दोन्ही कानवले खाल्ले, आणखी किती स्पष्ट सांगायचं?

आत्यांनी ताटं आत नेली. मुलगीही मागोमाग गेली. आतून दबकी कुजबुज आली आणि ती वाढतच गेली. वडिलांनी उपरण्याचं टोक बोटाला इतकं आवळलं की बोट पांढरं पडलं. मग आत्या बाहेर आल्या. ताट त्यांच्या हातात होतं.

"पाव्हनं, ही कुटली रीत म्हनायची? पसंत हाय तर खावा, न्हाई तर ठिवा. ह्येंनी कानवला फोडून आतलं समदं उपसून ठिवलंय. वरचं ग्वाड लागलं आन् आतलं न्हाई, आसंच ना?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात वडील उठून उभे राहिले आणि दाजींना म्हणाले, "तुमाला कुनी सांगितलं?"

"काय सांगितलं?" दाजी म्हणाले.

"पोरीच्या कानाचं."

आत्यांनी ताट खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. आता वडिलांना थांबता येईना. "डाव्या कानानं तिला ऐकू येत न्हाई, पाव्हनं. चार वर्सांची व्हती तवा कान फुटला. ताप आला, पू आला, गावात काय अवशीद व्हतं तवा? उजवा चांगला हाय. मागल्या साली एक सोयरीक ह्याच्यापायीच मोडली. तुमाला सांगनारच व्हतो, पोरगी एकदा पसंत पडली म्हंजी सांगू म्हनलं. पन तुमी तर आधीच आत काय लपवलंय त्ये उकरून दावलं."

मला कशाचाही पत्ता नव्हता. माझ्या एका खुळचट सवयीमुळे त्या माणसाने आपल्या घरातली सगळ्यात दुखरी गोष्ट दोन परक्यांसमोर उघडी केली होती. आणि पू-ताप बरा करणाऱ्या ज्या पुडीच्या हजारो बाटल्या आम्ही रोज भरत होतो त्यातली एक जरी बाटली तेव्हा कुरुळीत असती तर तो कान वाचला असता, हेही त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. का ते नीट सांगता येणार नाही. त्यात माझा काही दोष नव्हता.

"आम्हाला कुणीही काही सांगितलेलं नाही," दाजी म्हणाले. "हा पोरगा असाच आहे. लहानपणापासून सारण खात नाही. पुरणपोळीचं नुसतं सालपट खातो."

आत्यांनी दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढा घोडा झालेला, नोकरी करणारा माणूस कानवल्यातलं सारण खात नाही, हे त्यांना खोटं वाटलं यात त्यांची काही चूक नव्हती. मलाही ते मोठ्याने ऐकताना खोटंच वाटलं.

पण आता प्रश्न सारणाचा राहिला नव्हता. दाजींचा चेहरा बदलला होता. त्यांनी बाजूला ठेवलेली टोपी उचलली. "पण पाहुणे, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. लपवून सोयरीक करणं बरोबर नाही," ते म्हणाले आणि टोपी झटकू लागले. मी दाजींना ओळखत होतो. टोपी एकदा डोक्यावर चढली की ते गावाबाहेर जाईपर्यंत मागे वळून बघणार नव्हते आणि घरी गेल्यावर आक्काही काही करू शकणार नव्हती. मला हे सगळं कळत होतं आणि तरीही मी घोंगडीवर मख्खासारखा बसून होतो.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. डोळे लाल होते, पण आवाज अगदी ताठ. आधी ती वडिलांकडे वळली. "म्या म्हनले व्हते का न्हाई, पयल्यांदा सांगून टाका म्हनून? म्या काय चोरी केलीया का?" वडील खाली बसले. मग ती सरळ माझ्याकडे वळली. आत्या म्हणाल्या, "अगं ए, आत हो." तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

"तुमाला खरंच ठावं नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"मग सारन का टाकलं?"

"मला आवडत नाही. कुठलंच. फुगलेले बेदाणे तर मुळीच नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, वेड्या माणसाकडे बघावं तसं. "बरं. आता तुमाला समदं ठावं झालंय. आता काय त्ये सांगा. त्या ताटाचं मला काय बी कळत न्हाई. तोंडानं सांगा."

दाजींची टोपी हातातच राहिली. ज्या रीतीच्या आडोशाने मी आजवर निर्धास्त होतो ती तिने एका वाक्यात बाजूला सारली होती. तोंडाने सांगा! तेव्हा मला जे सुचलं ते मी केलं. आत्यांनी ठेवलेलं ताट पुढे ओढलं आणि सारणाचा तो ढीग खायला सुरुवात केली. मुठीने. खोबरं, खसखस, साखर आणि बेदाणे, एकामागून एक बेदाणे. मानेवर काटा आला तो पाठीपर्यंत गेला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेवटचा बेदाणा मी गिळला आणि ताट पुसल्यासारखं स्वच्छ करून तिच्याकडे बघितलं.

ती मात्र अजिबात हरखलेली दिसली नाही.

"डोळ्यांत पानी आनून खायचं कशापायी?" ती म्हणाली. "आवडत न्हाई तर न्हाई म्हनावं. म्या कुटं खावा म्हनले? म्या सांगा म्हनले."

तिचं बरोबर होतं. मी पुन्हा एकदा ताटाच्याच मागे लपलो होतो. तोंडात अजून खोबऱ्याचा चुरा होता. मी खाली घोंगडीकडे बघत, कसाबसा पुटपुटलो, "सारण आवडत नाही. मुलगी आवडली."

ती तेव्हा ताट उचलायला वळली होती, तिचा डावा कान माझ्याकडे होता. ती वळसा घालून माझ्यासमोर आली, बसली, डोक्यावरचा पदर उजव्या कानामागे सारला आणि तो कान माझ्याकडे केला.

"परत सांगा," ती म्हणाली. "ऐकू आलं न्हाई."

तिला ऐकू आलेलं होतं. पडवीत सगळ्यांनाच ऐकू आलं होतं, दाजींनी टोपी खालीसुद्धा ठेवली होती. तिला ऐकू आलंय हे तिच्या गालावरच्या लालीत साफ दिसत होतं. तरी मी घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं, या वेळी चांगलं मोठ्याने.